एका हातात

ऑक्टोबर तापायला लागला की अंधेरीत माझं नाक आधी जागं होतं. रिक्षा सात बंगल्याच्या पुढे गेली की वाऱ्याबरोबर तो वास येतो. शेजारी कोणी बसलेलं असेल तर ते रुमाल काढतं. मी उलट मान बाहेर काढते. रिक्षावाला आरशातून बघतो, बाई बरी आहे ना अशा नजरेनं. बोंबलाचा वास तो. पुरता सुकाही नाही आणि ओलाही नाही. दोरीवर टांगून एक ऊन खाल्लेला, अर्धामुर्धा बोंबील. ज्यांना हा वास नकोसा होतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझ्यासाठी तो परीक्षेचा वास आहे, आणि त्या परीक्षेत मी नापास झाले होते.

माझा धंदा कंटिन्युइटीचा. टीव्हीवर तुम्ही एक प्रसंग सलग बघता, पण तो शूट होतो तुकड्या-तुकड्यांत. अर्धा सोमवारी, उरलेला गुरुवारी. सोमवारी नायिकेच्या हातातला चहाचा कप अर्धा होता, तर गुरुवारीही तो अर्धाच हवा. पदर कुठे होता, केसांची बट कानामागे होती की पुढे, हे सगळं लिहून ठेवायला कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसलेली असते. ती मी. सेटवर मला मागून ‘डावा-उजवा’ म्हणतात. पुढूनही म्हणतात. कारण कोणी ‘तिनं हात वर केला’ म्हटलं की मी लगेच विचारते, “कुठला?” लोक हसतात. हसू देत. ‘कुठला’ हा शब्द मला किती महागात पडला होता हे त्यांना माहीत नाही.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रत्येक गटानं एक छोटी फिल्म करायची होती. कॅमेरा कॉलेजचा, शनिवारी सकाळी मिळणार आणि रविवारी संध्याकाळी सातच्या आत परत. आमचा दिग्दर्शक कौस्तुभ मुलुंडचा. जन्मात चार वेळा समुद्र बघितलेला, त्यातल्या दोन वेळा चौपाटीवर भेळ खाताना. पण फिल्म त्याला समुद्रावरच करायची होती. नायिका सोनल, घाटकोपरची गुजराती जैन. तिच्या घरात कांदासुद्धा येत नसे. तिला बोंबील टांगायचे होते. मी नाहूरची, आमची माणसं मूळची मालवणची, आजोबा गिरणीत. त्यामुळे मासे मला कळतात असं गृहीत धरून कपडेपट, चहा आणि कंटिन्युइटी अशी तीन खाती माझ्याकडे दिली. आणखी दोघे होते, एक कॅमेऱ्यावर आणि एक आवाजावर. त्यांची नावं घेत नाही, कारण त्यांनी काही चूक केली नाही.

जागा मिळाली वेसाव्याच्या कोळीवाड्यात, मथुरामावशीच्या ओट्यावर. मावशी कॉलेजजवळच्या बाजारात मासे घेऊन बसायची. कौस्तुभ तीन दिवस तिच्यासमोर नुसता उभा राहिला. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “घेतंस का बगतंस?” तेव्हा त्यानं घाबरून एक पापलेट घेतलं आणि मग विचारलं. मावशीनं आधी गोष्ट सांग म्हटलं. त्यानं सांगितली. एक कोळीण असते, तिच्या नवऱ्याची बोट दर्यावर गेलेली असते, ती बोंबील सुकवत वाट बघते आणि बोट परत येत नाही.

“येत नाय? कनाला?” मावशीनं कोयता खाली ठेवला. “येऊंदे की त्याला.”

“मावशी, तशी गोष्टच आहे. आर्ट फिल्म आहे ना.”

“मग आर्टमदी पन येऊंदे!”

आम्ही सगळे हसलो. तिचा नवरा जनूकाका तांडेल होता, म्हणजे बोटीवर सगळ्यांच्या पुढचा, सुकाणू धरणारा. वर्षातले आठ-नऊ महिने तिचं अर्धं लक्ष पाण्याकडे असायचं. हे आम्हाला माहीत होतं आणि तरी आम्ही हसलो.

शनिवार आठवतो तो झळझळीत उजेडाचा. डोळे मिटले तरी आत पांढरं दिसत होतं. ओट्यासमोर बांबूंच्या वलांड्या उभ्या, त्यांवर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे. सोनलनं पहिल्या बोंबलाला हात लावला आणि “ई माँ” म्हणून जी किंचाळली, की शेजारच्या तीन ओट्यांवरच्या बायका कामधंदा टाकून बघायला आल्या. दुपारपर्यंत ती सरावली. संध्याकाळी एका हातानं बोंबील टांगत दुसऱ्या हातानं खाकरा खात होती, तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, “हिला हितंच द्या कोनाला तरी.”

कौस्तुभ दर पाच मिनिटांनी “सायलेन्स!” ओरडायचा. कोळीवाडा कसला गप्प बसतोय! बर्फ फोडणारं यंत्र, बोटींच्या इंजिनांची फटफट, कुठे तरी हातोडा, कुठे तरी भांडण. एकदा गल्लीतून उत्तर आलं, “तू गप ऱ्हा आदी, मग आमी बगतू.”

सकाळी सोनलला तयार मावशीनंच केलं. लुगडं नेसवलं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला आणि मग डबा उघडून सहा हिरव्या बांगड्या काढल्या. दिवाळीला स्वतःच्या हातात भरायला आणून ठेवलेल्या, कोऱ्या. त्या सोनलच्या एका हातात चढवल्या आणि डबा बंद केला.

“आणि दुसरा हात, मावशी?” मी विचारलं. आमच्या घरात असा मोकळा हात चालत नाही. आईनं लहानपणापासून बजावलेलं, एक हात ओका ठेवू नये.

मावशी हसली. स्वतःचे हात पुढे केले. तिच्याही एकाच हातात बांगड्या होत्या. “त्या हाताच्या दर्याला दिल्यान. लग्नान. तुझ्या भरोशावर धनी पाठवतंय, हातातल्या तू ठेव आनि त्याला मना परत दे, असा.”

सगळ्या कोळीवाड्यांत हीच रीत आहे का, मला माहीत नाही. तिच्या घरात होती. मी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हं घालून. खाली दोन रेघाही मारल्या. डोक्यात लगेच सुरू झालं, हे मी कोणाकोणाला सांगणार, कसं सांगणार. आणि त्याच्या खाली, कपड्यांच्या रकान्यात लिहिलं: ‘बांगड्या, हिरव्या, सहा, एका हातात.’

एका हातात. कुठल्या, ते नाही. त्या क्षणी तो हात माझ्या समोर होता ना, मग लिहायचं कशाला?

नियमानं मी फोटो काढायला हवा होता. माझ्या फोनची बॅटरी संपली होती. सोनलनं स्वतःचा सेल्फी काढला होता, गालाला हात लावून, बांगड्या झळकवत. म्हटलं, “तोच पाठव मला. चालेल.”

संध्याकाळी सोनलला घाटकोपरला घरी जायचं होतं. बांगड्या साबण लावून सहज उतरवल्या आणि मावशीच्या डब्यात ठेवल्या. कॅमेऱ्यातलं कार्ड कौस्तुभ मुलुंडला घेऊन गेला, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायला. तिथंच विसरला. दुसऱ्या दिवशी नवं कार्ड घालून आला.

रविवारी उजेडच बदलला होता. आभाळ राखेसारखं आणि हवा ओली. बंदरावर वादळाचा बावटा लागलाय, बोटी परत बोलावल्यात, असं गल्लीत जो तो सांगत होता. ऑक्टोबरात असं कधीमधी होतं, दर्याला मध्येच पावसाळ्याची आठवण होते. मावशी पहाटेच बाजाराला गेली होती. बायकांची घाई चाललेली, पाऊस आला तर बोंबील कुजणार, दोऱ्या उतरवायला हव्यात. आम्ही हातापाया पडून दोन वलांड्या तासभर मागून घेतल्या.

तेवढ्यात कौस्तुभ ओरडला, “हे कालचे बोंबील नाहीत!”

कालचेच होते. फक्त एका दिवसात सुकून निम्मे झाले होते. काल सोनलच्या खांद्यापर्यंत लोंबत होते ते आज तिच्या कानाशी. कंटिन्युइटीची वाट लागली! मी काल दोरीवरचे बोंबील मोजून लिहिले होते, चौसष्ट. ते भरले बरोबर चौसष्ट. पण बोंबील आक्रसतो हे मालवणी रक्ताच्या मुलीला सुचू नये? कौस्तुभ मला नाही नाही ते बोलला. मी दोऱ्या खाली बांधल्या, कुठून तरी ओले बोंबील आणून पुढच्या रांगेत टांगले. अंगाला घाम, हाताला चिकट वास आणि वर आभाळ भरत चाललेलं. त्या गडबडीत सोनल आत लुगडं सावरत म्हणाली, “प्राजू, बांगड्या?”

मी डबा उघडला, तिचा हात धरला.

“डावा होता ना गं?” ती म्हणाली.

मी वही बघितली. ‘एका हातात.’ मग फोन काढून सेल्फी बघितला. त्यात उजवा होता. “हे बघ. फोटो काय खोटं बोलतो?”

“मला डावा वाटलेला,” ती पुटपुटली. मी साबण न लावताच सहाच्या सहा तिच्या उजव्या हातात दाबून चढवल्या. उजवा हात मुळात भरलेला असतो, त्यात उकाडा. तिला दुखलं. मला कळलं, पण म्हटलं, घाई आहे.

तिच्या फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा फोटो काढतो, डाव्याचा उजवा करून ठेवतो. हे आता मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

शॉट झकास झाला. कॅमेऱ्यावरचा म्हणाला, असा उजेड पुन्हा मिळणार नाही. सोनल बोंबील टांगता टांगता थांबते आणि तो बांगड्यांचा हात दोरीवर तसाच राहतो. मागे खाडी, पलीकडे मढ, डावीकडे खवळलेला दर्या. कौस्तुभ “कट” म्हणायला विसरला.

अकराच्या सुमाराला मावशी आली. डोक्यावर पाटी, बाजार अर्धा टाकून आली होती. जनूकाकाचा फोन सकाळपासून लागत नव्हता. पाटी खाली ठेवता ठेवता ती थांबली.

“उजव्या हातान कोनी घातल्यान?”

आवाज चढला नव्हता. मथुरामावशीचा आवाज चढत नाही याचा अर्थ त्या गल्लीत सगळ्यांना कळत असावा, कारण शेजारचे ओटेही गप्प झाले. दोन दिवस कौस्तुभनं घसा फोडून मागितलेला सायलेन्स तेव्हा मिळाला.

मला तेव्हा कळलं. सगळं एकदम. आदल्या दिवशी पुढे केलेले तिचे हात दिसले, बांगड्या डाव्या हातात होत्या. उजव्या हातातल्या तिनं दर्याला दिल्या होत्या. आणि आज, बावटा लागलेला असताना, बोट बाहेर असताना, तिच्याच ओट्यावर, तिच्याच कोऱ्या बांगड्या मी उजव्या हातात चढवल्या होत्या. दिलेलं परत घेतलं होतं.

मी वही छातीशी धरली. तोंड उघडलं.

“मी घातल्या, मावशी,” सोनल म्हणाली. “मीच. चुकून.”

मी तोंड मिटलं. अजूनही तो क्षण आठवला की मला माझं तोंड मिटलेलं ऐकू येतं. दोन शब्द होते हो, ‘मी घातल्या’. सोनलचे शब्द संपल्यावरही मला म्हणता आले असते. कोणी मारणार नव्हतं.

बांगड्या निघेनात. हात सुजला होता. साबण, तेल, शेवटी मावशीनं स्वतः सोनलचा हात मांडीवर घेऊन हळूहळू एकेक उतरवली. तिनं तिला जराही दुखवलं नाही. शेवटची निघता निघता दगडी ओट्यावर आपटली.

“अरे यार, फुटली!” कौस्तुभ म्हणाला.

“वाढली म्हन, मेल्या!” शेजारची बाई खेकसली. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. हे तर आमच्यातही म्हणतात.

मावशीनं पाच बांगड्या आणि सहावीचे तुकडे फडक्यात बांधले आणि खाडीकडे चालू लागली. बाकी सगळे जागच्या जागी उभे. मी तिच्यामागून गेले. का गेले ते तेव्हा कळलं नाही. दहा पावलं मागे, चिखलात चपला रुतत होत्या. पाण्याच्या कडेला तिनं फडकं सोडलं.

“पोरीस्नी ठाव नव्हता,” ती पाण्याला म्हणाली, घरातल्या माणसाला सांगावं तशी. “तुझा तुला घे. माझा मना दे.”

वळली तेव्हा मी समोरच होते. मला सांगायचं होतं, शपथ सांगायचं होतं. ती म्हणाली, “चल. भिजशील.”

दुपारभर बोटी एकेक करून आत येत होत्या. बायका लांबूनच, नुसत्या नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, आकारावरून कोणाची ते ओळखत. ज्यांची आली त्या लगबगीनं उतरायच्या, आणि जिची नाही ती तिथंच. संध्याकाळपर्यंत दोन बोटी राहिल्या, त्यातली एक जनूकाकाची. आमचा कॅमेरा सातच्या आत परत करायचा होता. आम्ही सामान भरलं आणि निघालो. आमच्या फिल्मची कोळीण ओट्यावर बसून राहिली होती, फक्त आता कॅमेरा नव्हता. “येऊंदे की त्याला” हे मला परत परत ऐकू येत होतं.

घरी नाहूरला आईला सगळं सांगितलं. आईला सांगता आलं, बघा. आईनं पोळपाट बाजूला सारला.

“अगो, कुठलो हात ह्यां इचारूक काय झाला व्हता तुका? तोंडात मीठ धरलेलंस?”

मग तिनं देवापुढे दिवा लावला. मी, जी वर्गात अंधश्रद्धेवर भाषण करून बक्षीस घेऊन आले होते, तिच्याशेजारी जाऊन बसले. दर्या कोणाच्या बांगड्या मोजत बसत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, आत्ताही आहे. माहीत असून त्या संध्याकाळी काडीचा उपयोग झाला नाही.

सोमवारी लेक्चर बुडवून एकटीच वेसाव्याला गेले. मावशी धक्क्यावर होती. आभाळ निवळलेलं, पुन्हा तोच झळझळीत उजेड, आणि बायकांनी बोंबील परत टांगायला घेतले होते. दहा वाजून गेले होते. एका मोठ्या बोटीमागे दोरानं बांधलेली दुसरी बोट ओढत ओढत आत आली. इंजिन बंद पडलं होतं, बाकी काही नाही. रात्रभर दुसऱ्या बोटीच्या आधारानं राहिले आणि सकाळी निघाले. जनूकाका उतरला, उन्हानं काळाठिक्कर, चेहऱ्यावर मीठ. बायकोला पहिला प्रश्न काय विचारावा?

“शूटिंग जाली?”

“फोन कनाला हाय तुज्याकरं? चाटाला?” मावशी कडाडली. चांगली पाच मिनिटं कडाडत होती. आवाज असा चढला होता की पलीकडे मढला ऐकू गेला असेल. तो आवाज ऐकून मी बर्फाच्या गाडीमागे गेले आणि पोटभर रडले.

त्याही दिवशी सांगितलं नाही. एवढ्या आनंदात कशाला, म्हटलं.

पुढे कौस्तुभच्या घरी मुलुंडला एडिटिंग सुरू झालं. त्या शॉटशिवाय फिल्म उभी राहत नव्हती आणि त्यात बांगड्या उजव्या हातात. मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, “वेडी आहेस का? उलटा करतो.” कॉम्प्युटरवर एक कळ दाबली की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. उजव्याचा डावा. माझी चूक आरशानं केली होती, आरशानंच पुसली. मी पाहत बसले. वाटलं, जमलं की! झालं गेलं गंगेला मिळालं.

फिल्म आम्ही मावशीला तिच्या घरीच दाखवली, लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवून. जनूकाका पुढे, पोरंबाळं सगळ्यांच्या मांडीवर. तो शॉट आला. मावशी पुढे वाकली.

“हात बरोबर हाय,” ती म्हणाली. मग पडद्यावर बोट ठेवून, “पन दर्या उजवीकरं कवा गेला?”

जनूकाका मांडीवर थाप मारून हसला. “आयला! या पोरांनी दर्या फिरवला!”

घरभर हशा पिकला. कौस्तुभचे कान लाल. पण एक गोष्ट त्यानं केली होती, आणि त्यासाठी मी त्याला बाकी सगळं माफ केलं. शेवटी काळ्या पडद्यावर, नावं संपत आली असताना, त्यानं लांबून जवळ येणारा इंजिनाचा आवाज टाकला होता. फटफटफट. मावशीनं तो बरोबर ओळखला. “आली बग,” ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

आता गंमत बघा. माझ्या आठवणीत सोनलचं लुगडं लाल आहे. फिल्ममध्ये ते हिरवं आहे. दर्या डावीकडे होता हे हिशेबानं कळतं, पण माझ्या आठवणीत तो उजवीकडे आहे, कारण तो उलटा शॉटच मी इतक्यांदा बघितला की खरी खाडी पुसली गेली. दुसऱ्यांच्या अर्ध्या कपांचा हिशेब ठेवून पोट भरणाऱ्या बाईच्या स्वतःच्या आठवणींत एक कप जागेवर नाही. पक्की राहिली ती एकच गोष्ट, सोनल म्हणाली “मी घातल्या” आणि मी तोंड मिटलं. सोनल आता परदेशात असते, दोन पोरांची आई. तिला एकदा फोनवर विचारलं, का म्हणालीस तसं? ती म्हणाली, “का म्हणजे काय? बांगड्या माझ्या हातात होत्या ना.” तिला ते फारसं आठवतही नव्हतं.

दर ऑक्टोबरात वास आला की मी ठरवायची, यंदा वेसाव्याला जाऊन सांगायचं. दोन-तीनदा गेलेही. मासे घेतले, चहा प्यायले, जनूकाकाच्या शिळ्या विनोदांना हसले आणि परत आले. मग तीन-चार वर्षं गेलेच नाही. सीरियलमध्ये माणूस गुंतला की त्याला आपल्या आईचं तोंड दिसत नाही.

यंदा गेले. परवाच, दुपारी शूटिंग लवकर आटपलं तेव्हा. रिक्षा सोडून गल्लीत शिरले. ओटा तोच, वलांड्या त्याच. मावशी पाठमोरी बोंबील टांगत होती. माझी नजर धंद्याच्या सवयीनं आधी हातांवर गेली.

डावा हात मोकळा होता.

मी उजवाही पाहिला, वेड्यासारखी. एकदा डावा, एकदा उजवा. दोन्ही मोकळे. कोणी काही सांगायच्या आधीच मला कळलं.

“पावसाल्यान गेला,” मावशी म्हणाली, वळून, मला ओळखून. जवळ बसवलं. तक्रार नव्हती आवाजात. “छातीन दुखला म्हनाला, मी पानी आनाला गेली, आली तवर... हितं, या ओट्यावर. दर्यान नाय. घरान.” तिनं दोरीवरचा एक बोंबील सारखा केला. “शब्द पालला दर्यान. मना परत दिला व्हता, तो घरानच गेला.”

मग मी बोलले. इतक्या वर्षांनी, कुठल्या तोंडानं, पण बोलले. “मावशी, त्या दिवशी बांगड्या सोनलनं नाही, मी घातल्या होत्या. मी विचारलंच नाही कुठला हात. तिच्या नावावर जाऊ दिलं मी.”

“ठाव हाय.”

“सोनलनं सांगितलं?”

“ती कशाला सांगंल?” मावशी जराशी हसली. “मी खाडीवर गेली तवा माज्यामागं तू आलीस. बाकी एक नाय आला. जो चुकतो त्योच मागं येतो, बाय.”

मला रडू फुटलं. किती वर्षं मी समजत होते की मी लपवलंय, आणि ती चहा देत होती, सगळं माहीत असून. मी रडत होते तर ती पदरानं स्वतःचे हात पुसत होती, बोंबलाचा खवट वास जाईपर्यंत. मग दोन्ही हात तिनं माझ्यापुढे धरले, त्या शनिवारी धरले होते तसेच.

“घे, लिव आता तुज्या वहीन,” ती म्हणाली. “आता चुकनार नायस. दोनी हात सारकेच.”

मी वही काढली नाही. तिचा डावा हात धरून बसले.